पुलीवरचे कपडे आणि टेक्सासची मुलगी

स्कॉटलंडमध्ये सगळ्यात परकं कोणाला वाटत असेल तर आपल्याला नाही, अमेरिकनांना. ऐकायला विचित्र वाटेल कारण भाषा तीच, आणि निम्म्यांचे खापरपणजोबा इथूनच गेलेले असतात म्हणे. पण आमच्या एडिनबराच्या फ्लॅटमध्ये टेक्सासहून वर्षभरासाठी शिकायला आलेली एक मुलगी आहे, मी नाशिकची, मास्टर्सला आलेली, बाकी दोघं इथलेच, एक ॲबरडीनचा आणि एक फाइफची, आणि सप्टेंबरपासून बघतेय, मला जिथे जिथे 'हॅ, हे तर आपल्याकडे पण असंच असतं' वाटतं तिथे तिथे ही बिचारी अडकून बसलेली असते. साहेब आपल्याकडून गेला पण सवयी ठेवून गेला ना. अमेरिकेने त्या तेव्हाच परत केल्या.

म्हणजे बघा, सॉकेटला बटण असतं हेच तिला माहीत नव्हतं. पहिल्या रात्री फोन चार्जिंगला लावला, बटण बंद, सकाळी फोन ढिम्म. चहाचं पाणी ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची, कारण तिकडे वीज १२० व्होल्टची आणि केटलला पाणी उकळायला उगाच वेळ लागतो, इथे आपल्यासारखीच २३०, तीन किलोवॉटची केटल, बटण दाबून कपात टी-बॅग टाकेपर्यंत पाणी तयार. मायक्रोवेव्हमधला तो कप बघून फाइफवाली एक शब्द बोलली नाही, फक्त किचनमधून निघून गेली. स्कॉटिश माणूस चिडला की असा चिडतो.

पण खरा धक्का कपड्यांचा. वॉशिंग मशीन किचनमध्ये, ते एकवेळ चालेल, पण ड्रायर कुठंय? ड्रायर नाहीये. मग कपडे कुठे वाळवायचे? वर बघ म्हटलं.

मार्चमाँट भागातल्या या सगळ्या जुन्या दगडी बिल्डिंगी, यांना टेनेमेंट म्हणतात, छत इतकं उंच की आपल्या बिल्डरने मध्ये अजून एक माळा काढून विकला असता. त्या छताला पुली टांगलेली असते. दोन्ही टोकांना बिडाच्या चौकटी, त्यातून ओवलेल्या चार लांब लाकडी पट्ट्या, कप्प्यांवरून आलेला दोर आणि दोर गुंडाळून ठेवायला भिंतीत एक लोखंडी खुंटी. दोर सोडला की सगळं कुरकुरत छातीपर्यंत खाली येतं, कपडे टाकायचे, परत ओढून वर. गरम हवा वरच जाते त्यामुळे बाहेर आठवडाभर रिपरिप चालू असली तरी कपडे वाळतात, जीन्सला दोन दिवस लागतात पण वाळतात. पंचवटीत आजीच्या घरी छताला बांबूची दांडी होती, ओली नऊवारी काठीने वर चढवून काठीनेच सरळ करायची, आणि त्या काठीने आम्ही क्रिकेट खेळलो की आजीच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्यामुळे मला पुली बघून एकदम बरं वाटलं. टेक्सासवाली मात्र वर बघतच राहिली, म्हणाली म्हणजे आपण इथे जेवायचं आणि डोक्यावर सगळ्यांचे आतले कपडे? हो बाई. तिचंही चूक नाही, अमेरिकेत कितीतरी कॉलन्यांमध्ये अंगणात दोरीवर कपडे घालायला सुद्धा बंदी असते, शोभा जाते म्हणे. इथे शोभेपेक्षा विजेचं बिल मोठं.

आता फक्त एकच भानगड आहे, शेगडी पुलीच्या बरोब्बर खाली, त्यामुळे फोडणीच्या आधी कपडे उतरवायचे (पुलीवरचे) असा नियम घरात लागू झालाय.

मग ऑक्टोबरात तिला पहिल्या निबंधाचे मार्क मिळाले, ६४. ती रूममधून बाहेरच येईना, आईला फोन, रडारड, तिकडे ६४ म्हणजे जेमतेम पास, नव्वदच्या खाली गेलेली ही मुलगी नाही. ॲबरडीनवाला म्हणाला चौसष्ट? छान की! आणि तिला वाटलं हा टोमणा मारतोय. मी तिला शांतपणे समजावलं की आमच्याकडे साठला फर्स्ट क्लास असतो आणि पेढे वाटतात, इथे ७० च्या वर ए आणि ८० दिलेला प्राध्यापक मी तरी पाहिलेला नाही. तिकडे म्हणे दर आठवड्याला क्विझ, होमवर्क, हजेरी, थोडे थोडे मार्क जमत जातात, इथे दोन निबंध आणि एक पेपर की विषय संपला. वर्षभर निवांत आणि शेवटी धावपळ, ही पद्धत तिला क्रूर वाटते. मला तर घरची वाटते.

काही गोष्टींवर मात्र ती खूश आहे. किमतीत टॅक्स आधीच धरलेला असतो, आपल्या एमआरपीसारखा, तिकडे तो काउंटरवर वरून लावतात, तर ती पहिले काही दिवस काउंटरवर जास्तीची चिल्लर मुठीत घेऊन उभी राहायची. आणि घसा बसला तेव्हा डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, केमिस्टकडे कार्ड काढून उभी, तो म्हणाला काही द्यायचं नाहीये. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून प्रिस्क्रिप्शन फुकट. फुकट म्हणजे आम्हा बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून व्हिसाच्या वेळीच सरकारी आरोग्यसेवेपोटी वर्षाला ७७६ पौंड घेतलेले असतात हे मी तिला सांगितलं, पण ती ऐकण्याच्या मूडमध्ये नव्हती.

आणि तिचं आडनाव मॅकवालं. आल्यापासून रॉयल माइल या इथल्या जुन्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांमधून आपल्या कुळाचं टार्टन, म्हणजे रंगीत चौकटींचं स्कॉटिश कापड, शोधत फिरते, कुठल्या चौकटी, कुठला हिरवा. मला यात काहीच नवल वाटत नाही, आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मूळ गाव आणि कुलदैवत विचारून मोकळा होतो. नवल वाटतं ते इथल्या दोघांना. फाइफवालीने एकदा थंडपणे सांगून टाकलं की १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखावर बंदी आली ती १७८२ ला उठली, मग १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाटमाट घडवून आणला आणि टार्टनची फॅशन आली, अमुक कुळाचं अमुक टार्टन हे कोष्टक बरंचसं त्याच शतकात बसवलेलं आहे. टेक्सासवालीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मफलर घेऊन आली. मला आवडलं ते. दोनशे वर्षं काय कमी झाली का, आपल्या कितीतरी प्राचीन परंपरा यापेक्षा लहान असतील.

एप्रिलमध्ये तिची आई येणारे, दोन मोठ्या बॅगा घेऊन, गुडघ्याचा थोडा त्रास आहे. हिने तिला सांगून ठेवलंय की आमचा फ्लॅट थर्ड फ्लोअरवर, लिफ्ट नाही, आणि आई म्हणाली ठीक आहे, दोन जिने काय चढेन हळूहळू. तिकडे तळमजला म्हणजेच फर्स्ट फ्लोअर ना. इथे तीन जिने आहेत, दगडी, गोल वळत जाणारे, हे आईला कोणी सांगायचं यावर फ्लॅटमध्ये सध्या चर्चा चालू आहे आणि ॲबरडीनवाल्याचं मत पडलं की आधी विमानात बसू देत.