सांता मोनिकाचं मॉडेल: छप्पर अजून बाकी

मंडळी, जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका या नन्सच्या मठाचं १:२०० मॉडेल पहिल्या मजल्यापर्यंत आलंय. मधलं अंगण आणि त्याभोवतीचे चारही सोपे उभे राहिले. दुसरा मजला, म्हणजे शेवटचा, अजून कापायचाय.

सगळ्यात जास्त वेळ भिंतींनी खाल्ला. सुरुवातीला एक मिलिमीटरचा ग्रे बोर्ड (करडा जाड पुठ्ठा) वापरला. या मापात तो प्रत्यक्षातल्या वीस सेंटिमीटरएवढा. खिडक्या कापून उभं केलं तर सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं दिसायला लागलं. जांभ्याच्या इमारतीचा भारदस्तपणा भिंतीच्या जाडीत असतो, तो खिडकीच्या खोलीवरून कळतो. शेवटी पाच थर चिकटवले. दोन रविवार त्यात गेले, पण आता खिडकीत सावली नीट पडते. बाहेरून भिंतीला रेटून धरणारे ते भलेथोरले टेकू मात्र मी आधीच केले होते. माझा जीव त्यांच्यावरच जडलाय.

मॉडेल नक्की कुठल्या सालचं करायचं, हे ठरत नव्हतं. १६०६ ला काम सुरू, १६२७ ला पूर्ण, १६३६ ला आग, लगेच पुन्हा बांधणी. १८३५ मध्ये गोव्यातले पुरुषांचे मठ बंद झाले. इथल्या नन्सना राहू दिलं, पण नव्या मुली घ्यायला बंदी. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. तोवर अर्धं शतक हा एवढा मोठा वाडा हळूहळू रिकामा होत गेला, आणि खोल्या मांडताना माझं मन सारखं तिथेच अडतं. पुढे सैनिक राहिले. आता धर्मभगिनींची शिक्षणसंस्था आहे, आणि २००२ पासून दक्षिण गोव्यातल्या राशोलहून आलेलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही. अंगण, भोवती सोपा, सोप्यावर उघडणाऱ्या खोल्या: या मांडणीत ननची खोली, बराक, वर्ग, सगळंच मावतं. म्हणून छप्पर उचलता येईल असं करतोय, आत वेगवेगळ्या काळांची मांडणी ठेवता येईल.

जवळच सेंट ऑगस्टीनचा मठ. तिथले साधू १८३५ ला गेले, १८४२ मध्ये चर्चची कमानी छत कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग. वापर थांबला की कौलं शाकारायला कोणी उरत नाही. चुन्याचा गिलावा सुटतो आणि सच्छिद्र जांभा कोकणातला पाऊस पिऊन घेतो. त्या चर्चचा ४६ मीटरचा मनोरा माझ्या मापात २३ सेंटिमीटर होतो. शेजारी तोही उभा करणार, पडका आहे तसाच.

आता अडलंय कौलांवर. सपाट मंगळुरी कौलं काढणारा कारखाना १८६५ चा, त्यामुळे नन्सच्या बहुतेक काळासाठी जुनी अर्धगोल, नळीचीच कौलं हवीत. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा सोलून बघितला, पन्हाळ्या फार रुंद पडतात. या मापात नळीची कौलं कोणी केली असतील तर कशाची केली, जरूर सांगा.