टर्बो सीमधला जुना स्नेक लिनक्स, विंडोज आणि मॅकवर: आत्तापर्यंतची प्रगती

मंडळी, अपडेट देतो. कॉलेजच्या टर्बो सीच्या (डॉसवरचा जुना सी कंपायलर) काळातला स्नेक गेमचा कोड आता लिनक्सवर मस्त पळतोय, विंडोजवर पण पळतोय, मॅकचं थोडं बाकी आहे. मूळ सोर्सला हात लावायचा नाही हे पक्कं आहे, म्हणून कोनियो आणि डॉस नावाच्या हेडर फाइली (टर्बो सीची स्क्रीन, कीबोर्ड आणि डिलेची फंक्शन्स यांत असतात) मीच लिहितोय, आणि आतून कर्सेस, म्हणजे टर्मिनलवर हव्या जागी लिहायची आणि कीज वाचायची लायब्ररी: लिनक्स-मॅकवर तिचं एनकर्सेस रूप आणि विंडोजवर पीडीकर्सेस.

गोटूएक्सवाय (कर्सर हव्या जागी नेणारं फंक्शन) पटकन झालं. टर्बो सीत एक्स आधी आणि मोजणी १ पासून, कर्सेसमध्ये वाय आधी आणि मोजणी ० पासून, उलटं करून एक वजा केला की संपलं.

रंगांनी मात्र डोकं खाल्लं. टर्बो सीत निळा १ आणि लाल ४, एनकर्सेसमध्ये लाल १ आणि निळा ४, कारण पीसीच्या टेक्स्ट मोडमध्ये सगळ्यात खालचा बिट निळ्याचा आणि अ‍ॅन्सीत (टर्मिनलच्या रंगकोडांचं प्रमाण) तो लालचा, आणि त्यात पीडीकर्सेस डीफॉल्टला परत डॉसचाच क्रम धरतं, म्हणजे आकडे सरळ पुढे पाठवले तर विंडोजवर सगळं बरोबर दिसतं आणि लिनक्सवर लाल फळ निळं होतं. म्हणून रंग बदलायचं टेबल करताना आकडे नाहीत, फक्त रंगांची नावं वापरली.

दुसरं म्हणजे टर्बो सीत सीप्रिंटएफने छापलं की लगेच दिसतं, कर्सेसमध्ये रिफ्रेश होईपर्यंत काहीच दिसत नाही. गेममध्ये प्रत्येक फेरीला डिले असतोच, मग रिफ्रेश त्या डिलेच्याच आत टाकला, आणि हे मला फार आवडलं.

बाणांच्या कीज: जुना कोड आधी ० आणि मग ७२ (वरचा बाण) अशी वाट बघतो, एनकर्सेस एकच मोठा आकडा देतं, तो दोन भागात तोडून द्यावा लागतो. एस्केप दाबला की एनकर्सेस डीफॉल्टला अख्खा १ सेकंद थांबतं, कारण बाणाचा कोडही एस्केपनेच सुरू होतो. मी २५ मिलिसेकंद ठेवलंय, पण स्लो एसएसएचवर (नेटवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन) एवढं कमी करू नका, बाण तुटतात.

गेमची चौकट कोड पेज ४३७ (डॉसचा जुना अक्षरसंच) मधली, २०५ आणि १८६ वाली दुहेरी रेघ. ती युनिकोडमध्ये बदलून वाइड एनकर्सेसने (त्याची युनिकोडवाली आवृत्ती) काढतो, इनिटस्क्रीनच्या (कर्सेस सुरू करणारं फंक्शन) आधी सेटलोकेल (अक्षरसंच ठरवणारं फंक्शन) विसरलात तर रेघेच्या जागी कचरा येतो.

काही जण म्हणतात लायब्ररी कशाला, सरळ एस्केप कोड (टर्मिनलला रंग, जागा सांगणारे अक्षरक्रम) छापा, विंडोज १० मध्येही चालतात. छापायला चालतात हो, पण की वाचायचं काम, आणि प्रत्येक टर्मिनलचं वेगळं वागणं, ते शेवटी आपल्यालाच लिहावं लागतं, टर्मइन्फोने (कर्सेस वापरतं तो वेगवेगळ्या टर्मिनल्सच्या माहितीचा संच) इतकी वर्षं हेच सांभाळलंय.

मॅकबरोबर बरीच वर्षं २००८ चं एनकर्सेस ५.७ यायचं, त्यामुळे जुन्या मॅकवर टीमक्सची (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) टर्मइन्फोतली स्वतःची एंट्रीच सापडत नाही. सध्या होमब्रूवालं (होमब्रू म्हणजे मॅकचा पॅकेज मॅनेजर) एनकर्सेस लिंक करतोय. ते झालं की स्कोअर देवनागरीत, तिथे मात्रेला किती कॉलम मोजायचे यावर लायब्ररी आणि टर्मिनल यांचं जमत नाही, कुणी यावर काम केलं असेल तर नक्की सांगा.