ओली चटणी

मी रत्नागिरीची. भात, मासे आणि जांभ्या दगडाचं अंगण. 2008 च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, तेव्हा ज्वारीचं शेत मी फक्त एस्टीच्या खिडकीतून पाहिलेलं होतं. ज्वारीचं शास्त्रीय नाव मात्र झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

पहिले चार महिने मला नाव नव्हतं. मी 'नव्या मॅडम'. दुपारचं, जेवणानंतर पेंगणाऱ्या मुलांचं प्रात्यक्षिक माझ्याकडे. ते ठीकच, उरलेलं टाइमटेबल नव्याच्याच वाट्याला येतं. पण स्लाइडचं कपाट कुणाला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, खिडकीजवळची खुर्ची कुणाची, बिनसाखरेचा चहा कुणाचा, हे कुठे लिहिलेलं नसतं. डबे सगळे एकत्र खायचे. माझा भात बघून रोज कुणीतरी विचारायचंच, "एवढ्याने भागतं तुमचं?"

डिसेंबरात विभागप्रमुख सर दारातूनच म्हणाले, "मॅडम, जानेवारीत हुरडा. चटणी तुमच्याकडे." आणि गेले. कसली चटणी, किती माणसांची, काही नाही.

हुरडा दरवर्षी मामांच्या शेतात व्हायचा, पैठण रस्त्याला. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. विभागात सरांपुढे उभे राहणारे मामा त्या दिवशी बांधावर बसून सरांना गोवऱ्या आणायला पिटाळायचे, आणि सर जायचे! हे बघायला मिळावं म्हणूनच निम्मे लोक येत असावेत, असा मला अजून संशय आहे.

हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख. ही आगटी. गूळभेंडीची, म्हणजे हुरड्याच्या गोड ज्वारीची, कोवळी कणसं राखेत खुपसायची, दांडे बाहेर. भाजलं की कणीस ओढायचं आणि गरम असतानाच तळहातांत चोळायचं. निवलं की दाणा नीट सुटत नाही. मी पहिलं कणीस धरलं आणि किंचाळून टाकून दिलं. एरवी दोन शब्दांच्या वर न बोलणाऱ्या सरांनी ते उचललं, चोळलं, फुंकर मारून कूस उडवली आणि हिरवे, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत ठेवले. "दोन-तीन वर्षांत जमेल," म्हणाले.

आता आपणही काही बोलावं म्हणून मी सुरू केलं. कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं, त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होतं... सगळ्यांचे हात थांबले. मामांची आई आगटीपाशी बसलेली होती. ती म्हणाली, "म्हणून तर निसवायच्या आधी जनावर शिरू देत नाही आम्ही. आता दाणा भरलाय, पोरी. खा." माझा चाळीस मिनिटांचा तास तिने दोन वाक्यांत संपवला.

मग चटणीचा डबा उघडला. वडिलांनी गावाहून नारळ पाठवले होते. ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू. मी हौसेने पहाटे उठून वाटली होती. बाकी सगळीकडे शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची, सगळी सुकी, कोरडी. माझ्या चटणीत हुरड्याचे दाणे चिखलात अडकावेत तसे अडकून बसले. एका ज्येष्ठ मॅडमनी अगदी मायेने विचारलं, "इडल्या गाडीत राहिल्या का?" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, वरून धूर. म्हातारीने तेवढा भाकरीवर चटणीचा गोळा घेतला आणि काही न बोलता खाल्ला.

पुढच्या डिसेंबरात हुरड्याची यादी फळ्यावर लागली. गूळ, दही, ऊस, बोरं, ताक. शेवटच्या दोन ओळी सरांच्या अक्षरात: 'चटणी, सुकी' आणि 'चटणी, ओली'. दुसरीपुढे कुणाचं नाव लिहायची गरज नव्हती. स्लाइडच्या कपाटाची किल्लीही त्याच सुमारास माझ्या खणात आली. कुणी दिली, कधी दिली, आठवत नाही.

हातांना चटके बसेनासे व्हायला मला चार वर्षं लागली.

2016 च्या जानेवारीत हुरडाच नव्हता. परतीच्या पावसाने दगा दिला, काळ्या रानात ओलच नाही, तर मामांनी पेरलंच नव्हतं. यंदा राहू द्या, असं आम्हीच म्हणालो. पण मामांच्या आईने निरोप धाडला, गोवऱ्या थापून ठेवल्यात, या. गेलो. ढेकळांच्या रानात आगटी पेटवली आणि बाजारच्या शेंगा भाजल्या. कुणी फारसं बोलत नव्हतं. म्हातारीला तोवर नीट दिसेनासं झालं होतं. आवाजाच्या रोखाने तिने भाकरीचा चतकोर माझ्यापुढे धरला. "ओली आणलीस ना?"

आणली होती. मीठ जरा कमी पडलं होतं त्या खेपेला.