तो एक स्ट्रोक कार्डावर चढेपर्यंत

ताकीद दिली गेली होती, पण रेफरींच्या वहीत उतरवलेली नव्हती. एवढ्यासाठी मी स्कोअरकार्डाच्या टेबलाशी पावणेदोन तास बसून होतो, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी व्यावसायिक गोल्फ खेळतो. स्पर्धेचा दुसरा दिवस, तिघांचा गट, आणि त्यातल्या एकाचा मार्कर मी. म्हणजे त्याच्या प्रत्येक होलच्या आकड्याखाली सही माझी. चौदाव्या होलवर त्याचा तीन फुटांचा पट, म्हणजे होलकडे घरंगळत मारलेला फटका, कडेला लागून बाहेर आला. त्याने पटर, म्हणजे पट मारायची काठी, उचलला आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर आपटला, होलपासून हातभर अंतरावर. गवत फाटून खालची माती दिसली. एक टॅप मारून त्याने होल पुरा केला, एकूण पाच फटके, आणि तडक पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिकडे निघाला. खाच मी आणि माझ्या कॅडीने, म्हणजे काठ्या सांभाळणाऱ्या मदतनिसाने, बुजवली. मागून येणाऱ्या गटांचे पट तिथूनच जाणार होते.

राउंड संपल्यावर मी रेफरीला सगळं सांगितलं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. स्थानिक नियमांच्या कागदावर आचारसंहिता छापलेली होती: पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी दंडाचा एक स्ट्रोक, म्हणजे कार्डावर एक फटका जास्त, तिसऱ्या वेळी दोन, त्यापुढे किंवा प्रकार गंभीर असेल तर थेट बाद. आदल्या दिवशी सहाव्या टीवर याच खेळाडूने ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, भिरकावला होता आणि दुसऱ्या एका रेफरीने त्याला माझ्यादेखत ताकीद दिली होती. म्हणजे ही दुसरी वेळ. पाचाचे सहा.

वही उघडली, तर आदल्या दिवसाच्या पानावर काहीच नाही.

ताकीद देणारे रेफरी कोर्सच्या दुसऱ्या टोकाला एका संथ गटाच्या मागे घड्याळ लावून फिरत होते. वॉकीटॉकीवर उत्तर आलं, "नंतर बोलतो." खेळाडूचं म्हणणं, ती ताकीद नव्हती, सहज बोलणं होतं. गटातला तिसरा म्हणाला, "मी माझा पट बघत होतो," आणि वर, "बुजवलंत ना? मग झालं की." ग्रीनवरची अशी इजा खेळाडूला दुरुस्त करता येते, २०१९ पासून नियमच तसा आहे. पण खाच बुजली म्हणून पटर आपटलाच नाही असं होत नाही. तरी एक चूक माझी. बुजवण्याआधी रेफरीला बोलवायला हवं होतं. तुमच्यावर वेळ आली तर आधी दाखवा, मग बुजवा.

मुख्य रेफरी म्हणाले, "तुम्ही सही करून टाका, आपण मागाहून बघू." मी विचारलं, सही पाचावर करू की सहावर? खेळाडूला ठाऊकच नसलेला दंड कार्डावर राहिला तर समिती तो नंतर जोडते, अशी सोय नियमात आहे. इथे तर टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिवाय स्पर्धेचा निकाल एकदा अंतिम झाला की राहिलेला स्ट्रोक मागाहून चढवता येत नाही. गंभीर गैरवर्तनासाठी बाद मात्र निकालानंतरही करता येतं, पण हा प्रकार एका स्ट्रोकचा होता. म्हणून जे सांगायचं ते कार्ड जमा होण्याआधीच सांगा.

तो नेमका कटच्या रेषेवर होता, म्हणजे पुढचे दिवस खेळायला मिळण्याच्या अगदी काठावर. एक स्ट्रोक चढला की घरी. त्यामुळे खोलीतले सगळे माझ्याकडे असं बघत होते, जणू ग्रीन मीच फोडलं. मी स्वतः कटच्या बराच आत होतो, मला त्यातून काही मिळायचं नव्हतं.

एवढा हट्ट कशाला, असं बऱ्याच जणांनी नंतर विचारलं. कारण ताकीद आणि बाद यांच्या मधली ही पायरी मिळायलाच आपल्या खेळात फार वर्षं गेली. २०१९च्या नियमावलीत खेळाडूंच्या वागणुकीबद्दलच्या नियम १.२ खाली समितीला आचारसंहिता करून स्ट्रोकचा दंड लावता येऊ लागला. संहिता नसेल तर गैरवर्तनाला शिक्षा एकच, बाद करणं, आणि तीही प्रकार गंभीर असेल तरच. त्याच वर्षी सौदी इंटरनॅशनल स्पर्धेत स्पॅनिश गोल्फपटू सर्जिओ गार्सियाने ग्रीन्सची नासधूस केली, तेव्हा त्याला याच नियमाखाली बाद केलं. उलट २०१८च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकन गोल्फपटू फिल मिकलसनने शिनेकॉक हिल्स कोर्सच्या तेराव्या ग्रीनवर धावता चेंडू मारला, त्याला दोन स्ट्रोकवर सोडलं, कारण त्या कृतीचा दंड नियमात तसाच लिहिलेला होता. जे लिहिलेलं असतं तेच लागू होतं. मग लिहिलेली पायरी वहीतल्या एका कोऱ्या पानामुळे वाया का जावी?

ते रेफरी शेवटी आले, बुटांना चिखल, आणि खिशातून त्यांनी स्वतःची छोटी डायरी काढली. होल, वेळ, "ड्रायव्हर फेकला, ताकीद दिली." तिथेच होतं सगळं! मग नवा वाद: कालची ताकीद आज मोजायची का? कागद पुन्हा वाचला. "स्पर्धेदरम्यान" असा शब्द होता. त्या शब्दावर काम झालं. चौदाव्या होलसमोर सहा लिहिलं, मी सही केली. त्याने केली आणि हात न मिळवता गेला. मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

लेखी जबाब दुसऱ्या दिवशी दिला. त्यात "उद्धट", "बेशिस्त" असे शब्द घालू नका. होल कोणता, वेळ काय, हातात काय होतं, खाच केवढी, एवढंच लिहा. माझा पहिला मसुदा विशेषणांनीच भरला होता, तो परत आला.

आर्थिक दंड झाला की नाही हे मला कळलेलं नाही. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण हाताळलं आहे. मी परत लिहिलं: दंडाचा आकडा नका सांगू, पण ताकिदींची नोंद एकाच वहीत आणि त्याच संध्याकाळी करा. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.