नवस तर कधीच फिटला ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी चैत्र लागला की पिशवी भरते आणि गुमान निघते. प्रश्न नेहमीचाच: ‘वहिनी, नवस तर कधीच फिटला, मग दरवर्षी वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर पायी कशाला?’

फिटला, खरंय. 2016 च्या वैशाखात पारोळ्याकडच्या शेतात विहीर खोल करत होतो. हे खाली उतरले आणि एका अंगाची दरड कोसळली. छातीपर्यंत गाडले गेले. मशीन लावावं तर आणखी ढासळायची भीती, म्हणून गावातली पोरं हातानं टोपलीटोपलीनं माती उपसत होती आणि यारीवाला ती वर ओढत होता. पाच तास. मी काठावर पालथी पडून नुसता यांचा श्वास ऐकत होते. मध्येच तो ऐकू येईना, तेव्हा तोंडातून निघालं, ‘माय, त्यासले वर काढ, मी तुन्हा गडवर पायी पायी येसू.’ त्याआधी तिला शिव्याही घातल्या होत्या, त्या कुणी मोजत नाही.

पहिल्या वर्षी मी देणेकऱ्यासारखी चालले. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी; मैलाचा दगड दिसला की हिशोब. उन्हामुळे चाल रात्रीची. टाचेच्या फोडातून सुईनं दोरा ओवून तसाच ठेवायचा, पाणी झिरपून जातं (डॉक्टरांना विचारू नका). वर अठरा हातांच्या माउलीसमोर उभी राहिले तोच ‘चला, पुढे चला’ झालं. वाटभर घोकलेलं एक अक्षर बोलता आलं नाही. पायऱ्या उतरताना कळलं, आपण उधारी चुकवून निघालोय. तिचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

ते घ्यायला पुढच्या चैत्रात निघाले. मागणं नाही, देणं नाही. मालेगाव मागे पडल्यावर पहाटे कुणीतरी ‘बोल अंबे माता की’ म्हटलं आणि माझा ‘जय’ असा निघाला की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. पाच तास कोंडलेला आवाज होता तो. त्यानंतर, करोनात गड बंद होता ते सोडलं तर, एकही चैत्र चुकवला नाही.

धाकटे दीर म्हणतात, देवीनं कुठे, चाळीस माणसांनी काढलं. बरोबर आहे. म्हणून तर गडावरून आलं की खापरावरचे पहिले मांडे यारीवाल्याच्या घरी जातात. त्या चाळिसांना त्या दिवशी हातातली कामं टाकून कुणी धाडलं, हे मी दिरांना विचारत नाही. जेवणावर वाद नको.

हे मागून पुतण्याच्या टेम्पोत पाण्याचे जार घेऊन येतात. विहिरीत मोडलेला पाय पायऱ्या चढू देत नाही, त्यामुळे 2018 ला ट्रॉली झाल्यापासून वर ट्रॉलीनं. चौदसच्या रात्री दरेगावच्या गवळी-पाटलांच्या मानाचा ध्वज शिखरावर लागतो, तो आम्ही दोघं खालून मान वर करून बघतो.

येताना सगळे टेम्पोत, ताडपत्रीवर. कळवण यायच्या आत हे घोरायला लागतात. बायका हसतात. मी जागी असते, ऐकत.