कॉल लागला, पण बोलता येतंय का?

एचआयव्ही असलेल्या १८ ते २४ वयाच्या मुलामुलींशी व्हिडिओ कॉलवर बोलताना पहिला प्रश्न गोळ्यांचा नकोच. "आत्ता कुठे आहेस? आजूबाजूला कोणी आहे का?" हे आधी. पडद्यावर खोली रिकामी दिसते, पण दाराआड आई असते, नाहीतर पलीकडच्या पलंगावर रूममेट. अशा वेळी मिळालेल्या "सगळं ठीक आहे"ला काही अर्थ नाही.

म्हणून पहिल्या प्रत्यक्ष भेटीतच ठरवून घ्यावं: कोणती वेळ सोयीची, मध्येच कोणी आलं तर कोणता साधा शब्द उच्चारायचा, कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा. इअरफोन घातला तरी त्यांचं बोलणं बाहेर ऐकू जातंच, तेव्हा "हो", "नाही" किंवा नुसत्या आकड्यात उत्तर देता येईल असं विचारावं. आठवणीच्या मेसेजमध्ये आजाराचं, औषधाचं नाव नको; लॉक असलेल्या फोनवरही तो दिसतो. "उद्या ५ वाजता बोलू" एवढं पुरे.

"गोळी रोज घेतोस ना?" असं विचारलं की उत्तर "हो"च येणार. त्यापेक्षा "गेल्या ७ दिवसांत किती वेळा राहून गेली?" असं विचारा. जमलं तर गोळ्या कॅमेऱ्यासमोर मोजा. ३० गोळ्यांच्या बाटलीतल्या १२ दिवसांच्या घेऊन झाल्या असतील, तर १८ उरायला हव्यात. २३ निघाल्या, तर ५ चुकल्या. इथे रागवायचं नाही. रागावलात, तर पुढच्या वेळी जादा गोळ्या आधीच कचऱ्यात जातात आणि हिशेब अगदी चोख जुळतो.

डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं औषध चालू असेल, तर अ‍ॅसिडिटीच्या औषधाबद्दल आवर्जून विचारा. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असलेलं अँटासिड या औषधाला पोटात बांधून टाकतं, मग ते नीट शोषलं जात नाही. गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. ही विचारपूस नेहमी राहून जाते, कारण अँटासिडला कोणी औषध म्हणतच नाही.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मात्र रक्ततपासणीतच कळतो. उपचार सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी लागतेच. ती तारीख कॉलवरच पक्की करावी. रेंगाळलेला खोकला, रात्री दरदरून घाम, घटतं वजन, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं यातलं काहीही ऐकलं, तर फोनवर सल्ला देत बसू नये, लगेच दवाखान्यात बोलवावं.

आणि "जगावंसं वाटत नाही" असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवरून मदत पाठवता येते, पण ती व्यक्ती कुठे आहे हे माहीत असेल तरच. "आत्ता कुठे आहेस?" हा प्रश्न प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला ठेवायचा तो यासाठीही.