पापाशाच्या गावाला: व्यात्स्किये पोल्यानी ते इझेव्स्क

मॉस्कोच्या कझान्स्की स्टेशनवरून इझेव्स्कच्या गाडीत बसलं, रात्र काढली, कझान मागे पडलं की व्यात्का नदीकाठचं व्यात्स्किये पोल्यानी येतं. परदेशी प्रवासी इथे सहसा उतरत नाहीत, कारण पाहायला ना राजवाडा ना किल्ला. पण दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा सिनेमा पाहिलेल्या किंवा गेम खेळलेल्या माणसाने या गावचा माल बहुधा पाहिलेला असतो. लाकडी दस्ता, भोकाभोकांचं नळीचं आवरण आणि पोटाखाली जेवणाच्या डब्यासारखा गोल ड्रम: पीपीएसएच-४१ ही सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसं सलग झाडणारी बंदूक. आपल्याकडे बातम्यांपासून सिनेमापर्यंत असल्या प्रत्येक बंदुकीला सरसकट 'स्टेनगन' म्हणायची सवय आहे. स्टेन ब्रिटिश, ही अस्सल रशियन. आद्याक्षरं रशियनमध्ये 'पे-पे-शा', ती भरभर म्हटली की 'पापाशा' ऐकू येतं, म्हणजे 'बाबा', आणि रशियन सैनिकांनी तेच नाव ठेवलं.

१९४१च्या शरदात जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा तिथल्याच झागोर्स्क गावचा बंदुकांचा कारखाना यंत्रांसकट इथे हलवला. त्याआधी गावात सूत गुंडाळायच्या लाकडी रिळांचा कारखाना होता. युद्ध संपेपर्यंत एकट्या या गावातून २० लाखांहून जास्त पीपीएसएच बाहेर पडल्या. रचनाकार गिओर्गी श्पागिन इथेच राहत होता आणि त्याचं घर आता संग्रहालय आहे. लहानपणी पटाशी लागून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी कायमची अधू झाली होती. चाप ओढायचं नेमकं तेच बोट! संग्रहालयात इंग्रजी पाट्यांची आशा धरू नका, फोनमध्ये रशियन भाषांतराची सोय नेट नसताना चालेल अशी आधीच उतरवून ठेवा. रोख रूबलही जवळ हवेत. मार्च २०२२पासून रशियाबाहेरची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत.

बंदूक जवळून पाहताना आधी नळीचं टोक बघा. आवरणाचं पुढचं तोंड तिरकं कापलेलं आहे. ही शोभा नाही. बाहेर पडणारा वायू त्या उतारावर आदळून वर जातो आणि उसळणारं टोक खाली दाबतो. बाकी सगळा पत्रा साच्यात दाबून वाकवलेला, वेल्डिंगच्या खुणा लपवायची तसदीही न घेतलेला. तिच्या आधीच्या पीपीडी या सबमशीनगनचे भाग यंत्रावर कोरून काढावे लागत, म्हणून ती महाग आणि वेळखाऊ होती. श्पागिनने पत्र्यावर भर दिला आणि काम जवळपास निम्म्या वेळात आलं. नळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर, रशियन फौजेच्या मोसिन रायफलीचाच, त्यामुळे रायफलीच्या नळ्या करणारी यंत्रं इथेही कामाला आली. मागची खिटी पुढे दाबली की बंदूक बिजागरीवर मोडते, नळी खाली झुकते आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता ठोकळा), स्प्रिंग, मागचा धक्का झेलणारा फायबरचा तुकडा हे सगळं हातात येतं. तो तुकडा झिजला की बोल्ट पत्र्यावर आदळायला लागतो.

आता तो ड्रम. पडद्यावर पीपीएसएच ओळखू येते ती ड्रममुळे. व्होल्गोग्रादच्या (जुनं स्टालिनग्राद) मामायेव कुर्गान टेकडीवर पाण्यातून उठलेला सैनिकाचा पुतळा एका हातात हातबॉम्ब आणि दुसऱ्या हातात ड्रमवालीच घेऊन उभा आहे. फिनलंडच्या सुओमी सबमशीनगनवरून उचललेल्या या ड्रममध्ये ७१ काडतुसं मावतात. भरायचा म्हणजे झाकण काढायचं, स्प्रिंगला आठ खटके चावी द्यायची आणि काडतुसं डोकं वर करून गोगलगाईच्या शंखासारख्या दोन खाचांत उभी करायची, बाहेर ३९, आत ३२. थंडीने गारठलेल्या बोटांनी हे करून पाहा म्हणजे कळेल. शिवाय एका बंदुकीचा ड्रम दुसरीत नीट बसेलच असं नाही, कानशीने घासून तो त्या त्या बंदुकीला जुळवावा लागे. म्हणून १९४२पासून ३५ गोळ्यांचं वाकडं मॅगझीन आलं. त्याचंही आधी बिनसलं. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, आपटला की चेपायचा आणि काडतूस अडकायचं. पुढे पत्रा १ मिलिमीटरचा केला.

सिनेमात हे काही दिसत नाही. मिनिटाला हजाराच्या आसपास गोळ्या म्हणजे अख्खा ड्रम सव्वाचार सेकंदांत रिकामा. पडद्यावर मात्र तोच ड्रम अर्धी लढाई पुरतो. 'क्रॉस ऑफ आयर्न' (१९७७) या युगोस्लाव्हियात चित्रित झालेल्या सिनेमात जर्मन सार्जंट स्टायनर ही रशियन बंदूक वागवतो, तेव्हा काहींना ती चूक वाटते. चूक नाहीये. जिंकलेल्या पीपीएसएच जर्मन सैनिक आवडीने वापरत आणि काहींची नळी बदलून ९ मिलिमीटरच्या केल्या गेल्या होत्या, त्यांना जर्मनांच्याच एमपी-४० बंदुकीचं मॅगझीन चालायचं. 'कॉल ऑफ ड्यूटी: वर्ल्ड अॅट वॉर' (२००८)मध्ये ऑनलाइन खेळताना आधी ३५चं मॅगझीन मिळतं आणि ड्रम नंतर कमवावा लागतो. इतिहासात क्रम नेमका उलटा होता, पण खेळाचा हिशेब वेगळा. कुठल्याच गेममध्ये नसलेली भीती एक: बोल्ट पुढे आहे, मॅगझीन लावलेलं आहे आणि बंदूक दस्त्यावर आपटली, तर बोल्ट झटक्याने मागे जाऊन एक काडतूस ओढतो आणि गोळी सुटते. त्यासाठीच बोल्टच्या मुठीवर सरकती कडी आहे, ती खाचेत ढकलली की बोल्ट जागचा हलत नाही.

तिथून इझेव्स्कला पुढची गाडी. व्यात्स्किये पोल्यानी मॉस्कोच्या वेळेवर चालतं, इझेव्स्क एक तास पुढे. तिकिटावर त्या त्या स्टेशनची स्थानिक वेळ असते. परतीच्या गाडीला घड्याळ मॉस्कोवर ठेवलंत तर गाडी चुकली म्हणून समजा.

इझेव्स्कच्या कलाश्निकोव्ह संग्रहालयात एके-४७ साठी गर्दी होते. मोबाइलवर बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) खेळणाऱ्या आपल्या पोरांना मात्र याच शहरातली दुसरी बंदूक जास्त ओळखीची वाटेल: बिझोन. मिखाईल कलाश्निकोव्हचा मुलगा व्हिक्टर आणि स्नायपर रायफलवाल्या द्रागुनोव्हचा मुलगा अलेक्सेई यांनी ती १९९३मध्ये उभी केली. नळीखाली तिला समांतर जाडजूड नळकांडं दिसतं, ते मॅगझीन. आत काडतुसं मळसूत्रासारखी फिरत पुढे सरकतात. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये त्यात ६४ गोळ्या आणि पबजी-बीजीएमआयमध्ये ५३, यावरून वाद घालणारे बरेच भेटतात. दोन्ही बरोबर आहेत. ६४ हा आकडा मकारोव्ह पिस्तुलाच्या ९×१८ काडतुसाचा. ९×१९चं काडतूस लांब, म्हणून त्या आवृत्तीत ५३च बसतात. नंतरच्या वित्याझ या बंदुकीत मळसूत्र सोडून साधं ३० गोळ्यांचं पेटीसारखं मॅगझीन आलं. श्पागिनच्या ड्रमचं जे झालं तेच, फक्त पन्नास-साठ वर्षांनी.

संग्रहालयात नेमबाजीची सोय आहे. तिथली एखादी रिकामी पुंगळी आठवण म्हणून खिशात टाकायचा मोह होतो. टाकू नका. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ती दिसली की बॅग उघडावी लागते आणि खुलासे देता देता पुढची गाडी निघून जाते.